पस्तीस डॉलरची पाटी

५ ऑक्टोबर २०११, बुधवार. त्या दिवशी खंडेनवमी होती. वणी परिसरात खंडेनवमी म्हणजे ट्रॅक्टर धुवायचे, त्यांना झेंडूच्या माळा घालायच्या, विळे-कोयत्यांपासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लावायचं. वर सप्तशृंग गडावर नवरात्राचा शेवटचा दिवस, खाली गावातून नांदुरीकडे जाणाऱ्या एसट्यांना पाय ठेवायला जागा नाही. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्या हत्याराची पूजा करायचा हा दिवस.

त्याच दिवशी दिल्लीत केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी सात इंची पडद्याचं एक काळं उपकरण पत्रकारांसमोर धरलं. त्याचं नाव ‘आकाश’. जगातला सर्वांत स्वस्त टॅब्लेट अशी त्याची ओळख करून दिली गेली. सरकार तो २२७६ रुपयांना विकत घेणार होतं आणि विद्यार्थ्यांना अनुदानित दरात मिळणार होता. दुसऱ्या दिवशी दसरा. घराघरांत मुलं पाटीवर एक-एक आकड्यांची सरस्वती काढून पूजा करत होती, तेव्हा टीव्हीवर बातमी आली की स्टीव्ह जॉब्स गेले. जगाला टॅब्लेट विकत घ्यायला शिकवणारा माणूस आणि गरिबांसाठीचा टॅब्लेट, दोघांच्या बातम्या अशा एका दिवसाच्या अंतराने आपल्याकडे पोचल्या.

आज ‘आकाश’ म्हटलं की लोक हसतात. सरकारी फसगतींच्या यादीत त्याला टाकून मोकळे होतात. पण त्या उपकरणाची किंमत कशी ठरली आणि ती ऐकून किती लोक धावले, हा इतिहास हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुम्ही हा लेख ज्या पडद्यावर वाचताय, तो तुमच्या हातात कसा आला याचा एक धागा तिथपर्यंत जातो.

किंमत आधी, वस्तू नंतर

२७ जानेवारी २०१० ला सॅन फ्रान्सिस्कोत आयपॅड दाखवला गेला. त्याआधी कित्येक आठवडे जाणकार ९९९ डॉलरचा अंदाज वर्तवत होते. जॉब्स यांनी मंचावरच्या पडद्यावर आधी तोच आकडा झळकवला आणि मग तो पाडून ४९९ केला. भाजीवाल्याने साठ सांगून चाळीसला द्यावं, तशीच ही युक्ती. पहिला आकडा डोक्यात बसला की दुसरा स्वस्त वाटतो. भारतात आयपॅड पोचायला पुढचं वर्ष उजाडलं. जानेवारी २०११ मध्ये सर्वांत साध्या मॉडेलची किंमत होती २७,९०० रुपये. त्याच्या दोनेक महिने आधी आलेला सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी टॅब तर ३८ हजारांच्या घरात होता. ब्लॅकबेरीचा प्लेबुक जून २०११ मध्ये २७,९९० ला आला, खपला नाही, आणि वर्ष संपायच्या आत १३,४९० वर उतरला.

सर्वांत मोठा धडा मात्र एचपी कंपनीने दिला, तोही नकळत. तिचा टचपॅड १ जुलै २०११ ला अमेरिकेत ४९९ डॉलरला बाजारात आला. खप इतका मंद की १८ ऑगस्टला कंपनीने तो बंद केल्याचं जाहीर केलं आणि उरलेला माल ९९ डॉलरला काढला. त्याबरोबर दुकानांबाहेर रांगा लागल्या आणि बघता बघता साठा संपला. वस्तू तीच होती, बदलला तो फक्त आकडा. लोकांना टॅब्लेट नको होता असं नाही, त्या किमतीला नको होता. जगभरच्या कंपन्यांनी हे पाहिलं. सप्टेंबरच्या अखेरीस अ‍ॅमेझॉनने किंडल फायर १९९ डॉलरला जाहीर केला. आणि आठवड्याभरात आला आपला ‘आकाश’.

पण आकाशच्या किमतीची गोष्ट यापेक्षा जुनी आहे. स्वस्त संगणकाचं स्वप्न भारतात त्याआधी दोनदा पडून गेलं होतं. २००१ च्या सुमारास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सिम्प्युटर’ची आखणी केली. तळहातावर मावणारा, भारतीय भाषांत बोलणारा, साक्षर-निरक्षर दोघांनाही वापरता येईल असा संगणक. लक्ष्य होतं नऊ हजार रुपयांचं. मार्च २००४ मध्ये तो प्रत्यक्ष विक्रीला आला तेव्हा सुरुवातीची किंमत होती ९,९५०. काही हजार नग विकले गेले आणि तो थांबला. तोपर्यंत त्याच्याहून कमी पैशांत मोबाईल फोन मिळू लागला होता.

दुसरं स्वप्न अमेरिकेतून आलं. निकोलस निग्रोपाँटे यांचा १०० डॉलरचा लॅपटॉप. भारत सरकारने २००६ मध्ये त्याला नकार दिला. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत ते हिरवे-पांढरे लॅपटॉप पोचले. एकशिक्षकी शाळा, विशीतली पटसंख्या. मुलांनी लॅपटॉप घरी नेले, आईबापांना दाखवले. प्रयोग गाजला, पण १०० डॉलरची किंमत मात्र कधी साधली नाही. यंत्र १८८ डॉलरच्या आसपास जाऊन थांबलं.

भारत सरकारने नकार दिला, पण ती कल्पना मनात धरली. २००९ च्या फेब्रुवारीत तिरुपतीला दहा डॉलरच्या संगणकाचा गाजावाजा झाला. प्रत्यक्ष दाखवलेली वस्तू पाहून पत्रकार हिरमुसले. मग जुलै २०१० मध्ये सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या, म्हणजे तेव्हाच्या साधारण दीड हजार रुपयांच्या टॅब्लेटचा नमुना दाखवला. पुढे तो वीस आणि अखेर दहा डॉलरवर आणू, असंही सांगितलं गेलं.

म्हणजे आधी किंमत ठरली आणि मग तिच्यात बसेल अशी वस्तू शोधायची होती.

वणीच्या मार्केट यार्डात उभं राहून पाहिलं तर हा उलटा व्यवहार चटकन लक्षात येतो. तिथे वस्तू आधी येते. टोमॅटोचं क्रेट, कांद्याचा ट्रॅक्टर समोर उभा असतो. व्यापारी माल हातात घेऊन पाहतो, मग बोली. भाव पडला तर शेतकरी कपाळाला हात लावतो, पण काय विकलं जातंय याबद्दल दोघांच्या मनात शंका नसते. आकाशमध्ये भाव आधी पुकारला गेला आणि माल मागून यायचा होता.

काय काय कापलं गेलं

निविदा मिळाली ती सुनीत सिंग तुली यांच्या डेटाविंड कंपनीला. जोडणी तेलंगणातल्या, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, कारखान्यात. देखरेख आयआयटी राजस्थानची. २२७६ रुपयांत बसवण्यासाठी काय करावं लागलं? प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, जेव्हा पहिल्या आयपॅडचा होता एक गिगाहर्ट्झचा. रॅम २५६ एमबी. बॅटरी २१०० एमएएच. तुमच्या आजच्या फोनमध्ये बहुधा ५०००ची असेल. पडदा ‘रेझिस्टिव्ह’ प्रकारचा, म्हणजे बोट नुसतं फिरवून भागायचं नाही, नखाने दाबावं लागायचं. आणि इंटरनेट फक्त वायफायवर.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत महागात पडणारा होता. २०११ मध्ये वणीसारख्या गावात वायफाय कुठे होतं? कळवण आणि सुरगाण्याच्या पाड्यांची तर गोष्टच सोडा. भारनियमनाच्या वेळापत्रकावर गाव जगत होतं. चार्जिंग हा रोजचा हिशेब होता. उपकरणाची किंमत कमी करताना वीज, इंटरनेट, दुरुस्ती आणि मराठीत शिकवणारा मजकूर हे सगळं त्या किमतीबाहेर ठेवलं गेलं. ते आपोआप येईल असं धरलं होतं. पण बारावीतल्या मुलीच्या दृष्टीने किंमत म्हणजे हे सगळं मिळून येणारी रक्कम, डब्यावर छापलेला आकडा नव्हे.

चौदा लाख बोटं

डिसेंबर २०११ मध्ये आकाश ऑनलाईन विक्रीला आला, २५०० रुपयांना. ठेवलेला माल लगेच संपला. त्याबरोबर सुधारित आवृत्तीची, युबीस्लेट ७+ ची, आगाऊ नोंदणी सुरू झाली. तिची किंमत २,९९९ रुपये, आणि तिच्यात सिमकार्ड घालायची सोय. नावातच स्लेट, म्हणजे पाटी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नोंदणीचा आकडा चौदा लाखांवर गेला.

अर्थतज्ज्ञ इथे लगेच हटकतील, आणि त्यांचं बरोबर आहे. नोंदणी म्हणजे खरेदी नव्हे. नाव, पत्ता, फोन नंबर भरायचा. पैसे वस्तू घरी आल्यावर. फुकट रांगेत उभं राहायला कोणाचं काय जातं? यातले किती जण दारात आलेल्या पोस्टमनला खरंच तीन हजार मोजून देणार होते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मागणी मोजायची तर खिशातून निघालेले पैसे मोजावे लागतात.

तरीही मला तो आकडा पोकळ वाटत नाही. त्या वेळी गावातल्या मुलाला ही नोंदणी करायची तर सायबर कॅफेत जाऊन तासाचे पैसे भरावे लागत, किंवा छोट्या फोनवर जीपीआरएसने पान उघडायची वाट बघत बसावं लागे. एवढं करून लोकांनी नावं नोंदवली. ज्यांना २७,९०० चा आयपॅड कधीच आपला वाटला नव्हता, त्यांना ‘हे माझं असू शकतं’ असं पहिल्यांदा वाटलं. कंपन्यांनी आणि सरकारने त्या चौदा लाखांकडे खप म्हणून पाहिलं. मला ती एका पिढीने लिहून दिलेली मागणी वाटते.

ती पुरी झाली नाही. पहिला आकाश संथ आहे, तापतो, बॅटरी टिकत नाही, अशा तक्रारी आल्या. तपासणीचे निकष काय असावेत यावरून कंपनी आणि आयआयटी राजस्थान यांच्यात जुंपली. २०१२ मध्ये काम मुंबईला, आयआयटी पवईत आलं. तिथे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली वेगळा विचार झाला. पेटी स्वस्त आहे हे ठीक, पण तिच्यावर चालणार काय आणि शिकवणार कोण? अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या, शिक्षणाची सॉफ्टवेअर्स आकाशवर बसवली गेली. ११ नोव्हेंबर २०१२ ला, राष्ट्रीय शिक्षणदिनी, राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ आला. एक गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, बोटाला नीट ओळखणारा पडदा. सरकारला पडला २,२६३ रुपयांना, विद्यार्थ्यांना ११३० मध्ये द्यायचा होता. वर्षभरात तेवढ्याच पैशांत वस्तू दुपटीने सुधारली होती. पण तोवर लोकांचा धीर सुटला होता.

मधली वाट

दरम्यान बाजाराने आपला भाव शोधला. एप्रिल २०१२ मध्ये मायक्रोमॅक्सचा फनबुक ६,४९९ ला आला, मग कार्बनसारख्या इतर कंपन्याही त्याच पट्ट्यात उतरल्या. बिननावाचे चिनी टॅब त्याहून खाली. आमच्या घरीही असाच एक सात इंची टॅब दिवाळीला आला. त्याच्यावर दोन भावंडांनी गेम खेळले, आजीने मोठ्या अक्षरांत पंचांग पाहिलं, आणि उन्हाळा संपायच्या आत चार्जिंगची पिन सैल झाली. दुरुस्तीवाला म्हणाला, “दुरुस्तीच्या पैशांत थोडी भर घाला, नवा फोन येईल.” आम्ही तेच केलं.

त्याचं ते वाक्य म्हणजेच पुढच्या काही वर्षांचा इतिहास आहे. फोनचे पडदे साडेतीन इंचांवरून पाच, साडेपाच, सहा इंचांवर गेले. टॅब्लेट जे करणार होता ते फोन करू लागला, वर बोलताही येत होतं. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटाचा भाव कोसळला. आकाशच्या किमतीबाहेर राहिलेली सर्वांत मोठी बाब अशी एकदम आत आली. ज्या घराला दोन वस्तू परवडत नाहीत, ते घर फोनच घेणार. चौदा लाखांची ती रांग विरली नव्हती, फोनच्या दुकानाकडे वळली होती.

टॅब्लेटची आठवण पुन्हा आली ती मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपं लागल्यावर. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेलं. ही खरी मागणी, पैसे मोजून केलेली. अनेक घरांनी पोटाला चिमटा घेऊन पुरी केलेली. पण २०२१ च्या पाहणीत दुसरी गोष्टही दिसली. घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकीही सुमारे २६ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. फोन बापाबरोबर शेतावर, मार्केटला जातो. मुलांच्या वाट्याला येतो तो रात्री, तोही आधी थोरल्याकडे.

म्हणजे फोनने टॅब्लेटची जागा पूर्ण घेतलीच नाही. फोन घराचा असतो, पाटी एकट्या मुलाची असते. ‘आकाश’च्या कल्पनेत हा मुद्दा बरोबर होता, आणि त्याच्यावर हसताना आपण नेमका तोच विसरतो. आज नागपूरची ‘महाज्योती’ संस्था नीट-जेईईची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब देते, त्याबरोबर रोजचा ६ जीबी डेटा देते आणि शिकवणीही. उपकरण, इंटरनेट आणि शिक्षक, तिन्ही एकाच हिशेबात धरलेले. २०११ मध्ये न मांडलेलं गणित आता मांडलं जातंय, जरी ते निवडक मुलांपुरतंच असलं तरी.

पुढच्या खंडेनवमीला वणीत ट्रॅक्टरशेजारी पाहा. हल्ली बहुतेक घरांत पूजेच्या पाटावर फोनही ठेवलेला असतो, त्याच्यावर हळदकुंकवाचं बोट टेकवलेलं. पूजा होईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. मग अक्षता उडतात, कोणीतरी चटकन तो उचलून पडदा पुसतो, आणि घरातलं धाकटं पोर विचारतं, “आता माझी पाळी ना?”