आकाशातल्या भोकाची कुळकथा

तारे जिथे जन्मतात, त्या जागेला आधी 'भोक' म्हटलं गेलं. १७८५ साली विल्यम हर्शलने आकाशाच्या रचनेवर जो निबंध लिहिला, त्यात वृश्चिक राशीतल्या सुमारे चार अंश रुंदीच्या एका तारेहीन भागाचा उल्लेख येतो. तो भाग दुर्बिणीतून पाहताना, आकाशाला खरोखरच भोक पडलंय, असं हर्शल उद्गारला होता. ही आठवण त्याची बहीण कॅरोलिन हिने पुढे म्हातारपणी भाच्याला पत्रातून कळवली. हर्शलला हसण्याचं कारण नाही. या भोकाच्या काठालाच 'एम ८०' हा गच्च तारकागुच्छ आहे. गुच्छाने आसपासचे तारे ओढून घेतले, म्हणून भोवताल ओस पडला, असा त्याचा हिशेब होता, आणि डोळ्यांना जेवढं दिसत होतं तेवढ्यावर तो चोख बसत होता. चूक होती ती अंतराची. गुच्छ आहे सुमारे तीस हजार प्रकाशवर्षांवर आणि काळोख जेमतेम चारशेवर. शेजार फक्त दिसण्यापुरता!

या भोकाचा ढग कसा झाला? फोटोग्राफी आली आणि कोडं सुटलं, असं सहसा सांगितलं जातं. मला हे पटत नाही. नॅशव्हिलच्या एका फोटो स्टुडिओत लहानपणापासून राबलेल्या एडवर्ड बर्नार्डने आकाशगंगेची अप्रतिम छायाचित्रं काढली आणि १९१९ मध्ये १८२ काळ्या डागांची यादी छापली, हे खरं. पण काचेवर उमटलेला काळा डाग हर्शलला दिसलेल्या काळ्या डागाहून काही वेगळं सांगत नव्हता. खुद्द बर्नार्ड कित्येक वर्षं 'भोक की आडोसा' या पेचात होता. पारडं झुकलं ते भूमितीमुळे. आकाशगंगेत तारे एकामागे एक हजारो प्रकाशवर्षं पसरलेले आहेत. त्यांच्यातून काळी पोकळी दिसायची तर ती आरपार गेलेल्या बोगद्यासारखी हवी, आणि बोगद्याचं तोंड नेमकं आपल्याकडे हवं. असा एखादा बोगदा योगायोगाने असू शकेल. पण १८२ बोगदे, आणि सगळ्यांची तोंडं पृथ्वीकडे? असं मानणं म्हणजे कोपर्निकसला विसरून आपल्याला पुन्हा विश्वाच्या मध्यभागी बसवणं.

यावर रास्त आक्षेप असा, की भोक असंभव ठरलं म्हणून ढग सिद्ध होत नाही. शिवाय ताऱ्यांचा प्रकाश वाटेत शोषला जातो, हे फ्रीड्रिश स्ट्रूवने १८४७ मध्येच मांडलं होतं. मग पुढची ऐंशी वर्षं लोक काय करत होते? ते पुरावा मागत होते, आणि त्यांचं बरोबर होतं. वायूची खूण १९०४ मध्ये योहानेस हार्टमनला मिळाली. मृगातल्या एका जोडताऱ्याच्या वर्णपटातल्या सगळ्या रेषा ताऱ्याच्या फेऱ्यांबरोबर पुढेमागे सरकत होत्या, कॅल्शियमची तेवढी जागची हलत नव्हती. म्हणजे ते कॅल्शियम ताऱ्याचं नव्हतं, वाटेतलं होतं. धुळीचं मात्र घोडं अडलं. हार्लो शॅप्लीने दूरच्या गोलाकार गुच्छांतले तारे तपासले, ते धुळीआडून दिसावेत तसे लालसर नव्हते, म्हणून त्याने अवकाश स्वच्छ ठरवलं. त्याचं निरीक्षण अचूक होतं. पण हे गुच्छ बहुतेक आकाशगंगेच्या चकतीच्या वर-खाली असतात, आणि धूळ चकतीतच पातळ थरात बसलेली असते. जिथे धूळ नव्हती तिथे ती सापडली नाही, इतकंच. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलरने चकतीतच राहणारे शंभर विरळ गुच्छ घेतले. तेजावरून त्यांचं अंतर काढलं, तर लांबचे गुच्छ जवळच्यांपेक्षा मोठे निघू लागले. लांब गेलं की गुच्छ फुगतो, असा नियम निसर्गात कशाला असेल? वाटेतली धूळ प्रकाश खाते आणि त्यामुळे अंतर फुगून दिसतं, हे मानलं की कोडं सुटतं. त्याच्या हिशेबाने दर सव्वातीन हजार प्रकाशवर्षांमागे प्रकाश जवळजवळ निम्मा होत होता. बोगद्यांच्या युक्तिवादाने शंका पेरली, पण खटला जिंकला तो या रुक्ष मोजमापाने.

तारे जन्मतात ते याच ढगांत. पण एवढी विरळ धूळ तारा कसा घडवणार, हा आक्षेप उरतो. या ढगांच्या वस्तुमानात धूळ शेकड्याला एक. बाकी सगळा वायू. धूळही धुरासारखी बारीक, साधारण दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाची. तारा धुळीचा बनत नाही, धूळ फक्त दार लावून घेते. बाहेरच्या ताऱ्यांचा प्रकाश आत शिरत नाही, म्हणून रेणू तग धरतात. कार्बन मोनॉक्साइडसारखे रेणू उरलीसुरली उष्णता रेडिओलहरींतून बाहेर टाकतात. वायू थंड होतो, त्याचा दाब घटतो आणि गुरुत्वाकर्षणाचं फावतं. बर्नार्डच्याच यादीतल्या ६८ क्रमांकाच्या डागाआडचे हजारो तारे अवरक्त प्रकाशात दिसतात. ते किती लालसर झालेत हे मोजून २००१ मध्ये त्या ढगाची आतली घनता काढली गेली. तापमान उणे २६० अंशांच्या आसपास, आणि दाब व गुरुत्वाकर्षण यांची रस्सीखेच इतकी अटीतटीची, की ढग आत कोसळण्याच्या उंबरठ्यावर उभा आहे. हर्शलचं ते भोक तर उंबरठा ओलांडून कधीच पुढे गेलंय. ज्येष्ठा ताऱ्याच्या उत्तरेला भुजंगधारी तारकासमूहापर्यंत पसरलेला तो ढग. २०२३ च्या जुलैमध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्याचा एक छोटासा कोपरा टिपला. त्यात सुमारे पन्नास कोवळे तारे आहेत, बहुतेक सूर्याएवढे किंवा त्याहून लहान.