रापणे : एका क्रियापदाचा इतिहास

मराठीत त्वचेच्या रंगासाठी विशेषणांची वाण नाही. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा ही उतरंड विवाहाच्या जाहिरातींतून आपल्या परिचयाची आहे. पण ऊन त्वचेवर काय करते हे सांगताना मराठी माणूस विशेषण सोडून क्रियापदाकडे वळतो आणि म्हणतो, चेहरा रापला. विशेषण माणसाला जन्मतः चिकटते. ‘रापणे’ या क्रियापदात तो कोठे राबला याची नोंद राहते. शिरूर अनंतपाळच्या परिसरात सोयाबीन-तुरीच्या रानात दिवस काढणाऱ्यांचे आणि १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांचे चेहरे हे क्रियापद बाळगून आहेत.

आश्चर्य असे, की आधुनिक वैद्यकानेही अखेरीस हाच क्रियापदाचा मार्ग धरला. आयुर्वेदात श्वित्रावर, म्हणजे आपण ज्याला कोड म्हणतो त्यावर, बावची आणि ऊन यांचा उपचार जुना आहे. बावचीत सोरालेन हे द्रव्य असते व ते त्वचेला प्रकाशाबाबत संवेदनशील करते. याच जातीचे औषध पोटात देऊन वर अतिनील किरणांचा मारा करण्याची सोरायसिसवरील पद्धत १९७४ साली हार्वर्डच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. त्या लेखाच्या कर्त्यांत मधुकर पाठक हे नावही आहे. अडचण मात्रेची होती. केसांचा व डोळ्यांचा रंग पाहून ठरवलेली मात्रा काही गोऱ्या रुग्णांना जास्त होई. म्हणून त्याच गटातील थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली रुग्णालाच प्रश्न विचारला : उन्हात गेल्यावर तुमची त्वचा भाजते की रापते? सदैव भाजणारी व कधीच न रापणारी त्वचा हा पहिला प्रकार झाला. पुढे सावळ्या व काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा प्रकार जोडले गेले. भारतीय बहुतांशी चौथ्या व पाचव्या प्रकारांत धरले जातात. मात्र हे दोन प्रकार जोडले गेल्यावर उन्हाविषयीचा प्रश्न मागे पडत गेला आणि अनेक ठिकाणी ही पद्धत केवळ रंगाची पट्टी म्हणून वापरली जाऊ लागली. क्रियापदाचे पुन्हा विशेषण झाले.

याच १९७५ साली भारतीय बाजारात ‘फेअर अँड लव्हली’ आली. त्याच दशकात जर्मनीत फ्रीडरिश वोल्फ यांनी घरात झोपून कातडी रापवून घेण्याचे यंत्र, टॅनिंग बेड, बाजारात रुजवले. दोन्ही गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचे मूळ एक आहे. युरोपातही पूर्वी रापलेली कातडी शेतमजुराचीच खूण होती. श्रम कारखान्याच्या छपराखाली गेले, समुद्रकिनाऱ्यावरची सुट्टी श्रीमंतांची झाली आणि विसाव्या शतकात रापणे प्रतिष्ठित ठरले. आपल्याकडे श्रम रानातच राहिले. म्हणून ती प्रतिष्ठा येथे आली नाही. तिकडे श्रम न करता त्याची खूण विकत घेतली जाते, इकडे श्रमाची खूण पुसण्यासाठी पैसे मोजले जातात. तिकडच्या हौसेची किंमत आता स्पष्ट आहे. रापणे हा त्वचेला झालेल्या इजेचाच प्रतिसाद असतो. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टॅनिंगची यंत्रे मानवाला निश्चित कर्करोगकारक ठरवली. त्याच वर्षी ब्राझीलने त्यांवर बंदी घातली. इकडची किंमत मोजणारे कोष्टक नाही. २०२० साली मलमाच्या नावातील ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले, एवढेच.

आम्ही वर्गात ग्रामीण साहित्य शिकवतो तेव्हा ‘रापलेला चेहरा’ या शब्दांवर थांबून त्यातील श्रमाचे सौंदर्य उलगडून दाखवतो. समोरच्या बाकांवरील कित्येक मुली केवळ डोळे उघडे ठेवून, ओढणीने चेहरा गुंडाळून गावाहून आलेल्या असतात. उन्हापासून संरक्षण हा त्यामागचा अर्धाच हेतू. रापल्यास लग्नाच्या बाजारात काय होते हे त्यांना ठाऊक असते. कोड असलेल्या मुलीला तर त्या बाजारात उभेही राहू दिले जात नाही. विठोबाचा सावळेपणा आपल्याला पूज्य, वाङ्मयातले रापलेपण आपल्याला सुंदर; पण घरच्या मुलीच्या परिचयपत्रात ‘गव्हाळ’ हा शब्द योजताना आमचाही हात थांबलेला नाही. समीक्षेला रंगाविषयी काही म्हणायचे असेल, तर त्या परिचयपत्राचेही वाचन तिने करायला हवे.