आखडलेले शिंगरू आणि सालोत्र्याची विद्या

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत मानाचे पहिले जनावर बैल, आणि दिग्रसच्या शिवारातही वखर, डवरा व कापसाची बंडी ओढण्याचे कष्ट त्यानेच उपसले, हे खरे. परंतु या मुलखाचा इतिहास घोड्याच्या दाण्यापाण्याशीही बांधला गेलेला आहे. 1853 च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, ते हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा खर्च त्याच्या वसुलातून भागावा म्हणून. आणि त्या फौजेत पायदळ व तोफखान्याबरोबर चार रिसालेही होते. त्यांची एक छावणी दिग्रसच्या नैर्ऋत्येस, पुसदच्या पलीकडे, हिंगोलीस होती. तेव्हाच्या वणी जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात मोडणाऱ्या दिग्रसच्या कुणब्याने भरलेल्या साऱ्याचा काही अंश अशा रीतीने परक्या फौजेच्या तोबऱ्यात पडत असे. 1903 साली ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली, आणि 1905 साली वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले.

ज्या जनावरावर एवढा खजिना वेचला जातो, ते कोवळ्या वयातच आखडून उभे राहिले, पाऊल टाकताना कचरू लागले, वळताना सारे अंग एखाद्या फळीप्रमाणे ताठ धरू लागले, तर ते का, हा प्रश्न पागेइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर शोधणाऱ्यास आपल्याकडे सालोत्री म्हणत. हा शब्द शालिहोत्र या ऋषिनामापासून आला असून अश्ववैद्यकाची आद्य संहिता त्याच्याच नावावर सांगितली जाते. विराटाच्या अश्वशाळेत ग्रंथिक नावाने राहिलेल्या नकुलाच्या नावावरही या विषयाचा ग्रंथ परंपरेने चालत आला आहे. आणि जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ 1887 साली कलकत्त्यास छापले गेले.

मराठी राज्यव्यवस्थेने ही विद्या कारभारात उतरविली. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार असे, आणि तितक्यांसाठीच एक पखालजी व एक नालबंद तैनात असे. पाणी आणि खूर यांना तलवारीइतकेच महत्त्व देणारी ही नेमणूक होती. चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांस महाराजांनी लिहविलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणावैरण आजच मनमानी उधळली, तर ऐन पावसाळ्यात ती मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारिली असे होईल, असा त्यातील आशय आहे. जनावराच्या दुःखाचा दोष जनावरावर न ढकलता धन्याच्या वर्तनावर ठेवणारी ही दृष्टी मला सालोत्र्याच्या सर्व विद्येचे सार वाटते.

कारण शिंगराच्या आखडण्याची कारणे एकेक करून पाहिली, तर त्यांतील बहुतेक मनुष्याच्या हातूनच घडलेली दिसतात. नालेचा खिळा तिरपा जाऊन जिव्हाळी लागला, की पाय टेकवत नाही. म्हणून शहाण्याने आधी खूर पाहावा. चंदी एकाएकी वाढविली किंवा घोड्याने दाण्याचे पोते फोडून खाल्ले, तर खुराच्या आतील मांस दाहाने पेटते, आणि जनावर पुढचे पाय पुढे ताणून सारा भार मागे टाकते. विश्रांतीच्या दिवशीही कामाच्या दिवसाचीच भरपूर चंदी दिली आणि दुसऱ्या दिवशी एकदम जुंपले, तर मांड्यांचे स्नायू लाकडासारखे कठीण होऊन लघवी काळपट होते. गव्हाच्या कोंड्यावरच पोसलेल्या शिंगराच्या पोटात स्फुरद फार व चुना थोडा जातो. मग शरीर ही उणीव हाडांतील चुना काढून भरते आणि सांधे दुखू लागतात. पूर्व विदर्भात पिकणारी लाखोळी माणसांप्रमाणे घोड्यांचेही मागले पाय लुळे करते. जखमेतून धनुर्वात शिरला, तर मान, जबडा व शेपूट ताठ होतात, आणि तेथे घटकेचाही विलंब घातक ठरतो.

कमरी नावाच्या विकाराची कथा याहून बोधप्रद आहे. कमर या फारसी शब्दावरून आलेले हे नाव सालोत्र्यांनी दुखण्याचे ठिकाण अचूक ओळखल्याची साक्ष देते. मात्र घोड्याची कमर का ढिली पडते, हे दीर्घकाळ गूढच होते. 1952 च्या सुमारास संशोधकांनी दाखवून दिले, की गाईबैलांच्या पोटात निरुपद्रवीपणे राहणाऱ्या सूत्रकृमींची पिले डासांच्या दंशातून घोड्यात शिरतात आणि वाट चुकून मज्जारज्जूत भटकतात. गोठा आणि पागा एकाच आवारात, शेजारी डबके, अशी रचना जेथे असते तेथे हा धोका घरातच असतो.

तरीही सर्वांत मोठे कारण मला उतावीळपणा हेच वाटते. घोड्याचे दुधाचे पुढचे दात अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, आणि पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. गुडघ्यावरच्या हाडाची वाढ अडीच वर्षांच्या आसपास थांबते. पाठीचे मणके मात्र पाच वर्षांनंतरच पक्के होतात. म्हणजे दात हा शरीराच्या परिपक्वतेचा निसर्गाने लिहून ठेवलेला दस्तऐवजच होय. तो न वाचता दोन वर्षांच्या शिंगरावर जो खोगीर चढवितो, तो त्याच्या उद्याच्या चालीवर आजच कर्ज काढतो.

1862 साली पुण्यास लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, 1886 साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, आणि सालोत्र्याचा मान हळूहळू ओसरला. नव्या विद्येने कारणे अधिक खोलवर दाखविली, याबद्दल कृतज्ञ राहिले पाहिजे. परंतु आजही मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावास खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, आणि आपल्या भागातील हौशी माणसे तेथून शिंगरे आणतात. त्यांना माझी विनंती एवढीच, की आखडलेल्या शिंगराला चाबूक दाखविण्यापूर्वी त्याचा खूर उचलून पाहा, त्याची चंदी तपासा, पशुवैद्यास बोलवा. आणि त्याचे तोंड पुरे होईपर्यंत खोगीर खुंटीलाच राहू द्या.