सही, शिक्का आणि बातमी

प्रतिनिधी

घर विकत घेणारा मनुष्य करारनाम्याचा मुद्रांक खरा आहे की बनावट, हे तपासत बसत नाही. निवृत्तीनंतरची पुंजी समभागांत गुंतवणारा कंपनीच्या बँक खात्यात खरोखरच पैसा आहे का, हे पाहायला जात नाही. ताळेबंदाखाली लेखापरीक्षकाची सही आहे, एवढे त्याला पुरते. मतदारही सकाळी वृत्तपत्र उघडतो तेव्हा समोरचा मजकूर बातमीदाराने लिहिला आहे की उमेदवाराने विकत घेतला आहे, असा संशय मनात धरून वाचत नाही. समाजाचे रोजचे व्यवहार अशा विश्वासावर चालतात. मात्र ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा त्यांनीच तो मोडला, तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होते.

गेल्या काही दशकांत देशात आणि महाराष्ट्रात हे तीन प्रकारे घडले. ‘सत्यम’ प्रकरणात व्यावसायिकाची सही खोटी ठरली, तेलगी प्रकरणात सरकारी शिक्का आणि त्याचे रक्षण करणारे पोलीस, तर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत प्रचाराच्या बाजारात बातमी. या तीन प्रकरणांत नेमके काय घडले, त्यानंतर कायद्यात काय बदलले आणि आज नागरिकाला कोठे दाद मागता येते, याचा हा आढावा.

लेखापरीक्षकाची सही

७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेबातील अफरातफरीची कबुली दिली. ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. त्या एका दिवसात कंपनीच्या समभागाचा भाव तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. भागधारक होरपळले आणि सुमारे पन्नास हजार कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. पुढे एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्रने ही कंपनी घेतली, म्हणून ती वाचली.

मालकाने खोटे सांगितले, हा भाग समजण्यासारखा आहे. प्रश्न होता तो हे खोटे वर्षानुवर्षे ‘तपासून’ त्याखाली सही करणाऱ्यांचा. बँकेतील ठेवींची खातरजमा लेखापरीक्षकाने थेट बँकेकडून करून घ्यायची असते, हा या व्यवसायातील प्राथमिक नियम. सत्यमचे लेखापरीक्षण प्राइस वॉटरहाऊस या नामांकित पेढीकडे होते. कंपनीची न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी असल्यामुळे अमेरिकेच्या रोखे नियामकानेही चौकशी केली. बँकांकडून खातरजमा मिळवण्याच्या प्रक्रियेवर लेखापरीक्षकांनी स्वतःचे नियंत्रण ठेवलेच नाही, असा ठपका ठेवून त्याने एप्रिल २०११ मध्ये पेढीच्या भारतीय संस्थांना साठ लाख डॉलरचा दंड केला. ज्याची तपासणी करायची, त्याच्याच हातून तपासणीचे कागद घेतले गेले होते.

भारतात हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. दोषींमध्ये दोन लेखापरीक्षकही होते. पुढच्याच महिन्यात अपील दाखल होऊन आरोपींना जामीन मिळाला. ‘सेबी’ने जानेवारी २०१८ मध्ये या पेढीला दोन वर्षे नोंदणीकृत कंपन्यांचे लेखापरीक्षण करण्यास मनाई केली, पण सप्टेंबर २०१९ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने ती मनाई रद्द केली. लेखापरीक्षणाचा दर्जा तपासण्याचा अधिकार ‘सेबी’चा नव्हे, तर चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेचा आहे, असे कारण त्यामागे होते. थोडक्यात, व्यावसायिकाची चूक कोणी पाहायची, तर त्याच्याच व्यवसायबंधूंनी.

ही त्रुटी दूर करण्याचा प्रयत्न २०१३ च्या कंपनी कायद्याने केला. नोंदणीकृत कंपनीला एकाच पेढीकडे सलग दहा वर्षांपेक्षा अधिक काळ लेखापरीक्षण ठेवण्यास मनाई झाली. याच कायद्यातील तरतुदीनुसार ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले. मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांची चौकशी करण्याचा अधिकार त्यामुळे व्यवसायाच्या चार भिंतींबाहेर आला.

मुद्रांकावरील शिक्का

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीने १९९४ मध्ये मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवला. नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयात मोडीत निघालेली यंत्रे त्याने पदरात पाडून घेतली आणि बनावट मुद्रांक छापण्यास सुरुवात केली. हा माल किरकोळ ग्राहकांपेक्षा बँका, विमा कंपन्या आणि दलाल पेढ्यांना एजंटांमार्फत घाऊक विकला जाई. आतून मदत मिळाल्याखेरीज सरकारी छपाईची यंत्रे खासगी हाती जात नाहीत, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

तेलगीविरुद्ध १९९० च्या दशकातच गुन्हे नोंदले गेले होते. तरीही धंदा राज्याराज्यांत पसरत राहिला. नोव्हेंबर २००१ मध्ये त्याला अजमेर येथे अटक झाली. जून २००२ मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलिसांनी बनावट मुद्रांकांचा गुन्हा नोंदवला आणि महाराष्ट्रातील तपासाला वेग आला. या तपासातील सर्वात धक्कादायक प्रसंग जानेवारी २००३ मधला आहे. मुंबई पोलिसांच्या ताब्यातील तेलगी कोठडीत नसून कफ परेड येथील स्वतःच्या सदनिकेत पोलिसांसमवेत आरामात असल्याचे विशेष तपास पथकाला आढळले. आरोपीवर पहारा ठेवणारेच त्याचे पाहुणे झाले होते.

ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांनी उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर तपासावर न्यायालयाची नजर आली. त्यानंतर पोलीस दलातील अनेक अधिकाऱ्यांना अटक झाली. मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी, १ डिसेंबर २००३ रोजी, त्यांना अटक झाली. पुढे न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, हेही येथे नमूद केले पाहिजे. अटक म्हणजे अपराधसिद्धी नव्हे. पोलिसांविरुद्धच्या आरोपांची चौकशी पोलिसांनीच करावी काय, हा प्रश्न त्यामुळे अधिकच गंभीर होतो. तपासात ढिलाई झाली तर दोषी सुटतो आणि घाई झाली तर निर्दोष भरडला जातो.

२००४ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. जून २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने तेलगीला तेरा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळूर येथे उपचार सुरू असताना त्याचा मृत्यू झाला. मुद्रांक शुल्क भरण्यासाठी फ्रँकिंग आणि ई-मुद्रांक अशा पद्धती रूढ होण्यास या प्रकरणाने मोठी चालना दिली.

पोलीस यंत्रणेपुरते पाहायचे, तर मोठा बदल सर्वोच्च न्यायालयाच्या २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग निकालाने सुचवला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य व जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरणे असावीत, असा आदेश न्यायालयाने दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य व विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणांची तरतूद केली. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींकडे असावे, असे कायदा सांगतो.

पैसे देऊन छापलेली बातमी

तिसरे प्रकरण आमच्याच घरातले आहे. त्यामुळे ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

ऑक्टोबर २००९ मधील महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या काळात तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचा गौरव करणारा भरघोस मजकूर राज्यातील वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाला. त्यांतील काही मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मोठ्या दैनिकांत शब्दशः सारखाच होता. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये हे उघड केले. चव्हाण यांनी निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. पैसे दिल्याचा आरोप त्यांनी फेटाळला. मजकूर खरोखर बातमी असेल तर तीन संपादकांना एकच वाक्यरचना सुचली कशी, आणि जाहिरात असेल तर तिचा खर्च हिशेबात का नाही, असा पेच त्यातून उभा राहिला.

भोकर मतदारसंघातील पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर आणि इतरांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. खर्चाचा हिशेब खरा आहे की नाही हे तपासण्याचा आयोगाला अधिकारच नाही, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ५ मे २०१४ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. जुलै २०१४ मध्ये आयोगाने हिशेब विहित पद्धतीने सादर झाला नसल्याचा निष्कर्ष काढला. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द ठरवला. तोवर त्या विधानसभेची मुदत संपत आली होती आणि पुढच्या निवडणुकीचे पडघम वाजू लागले होते.

आयोगाची कारवाई झालीच नाही, असे मात्र नव्हे. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवण्यात आले. २००७ च्या निवडणुकीत दोन हिंदी दैनिकांतील मजकुरावर झालेला २१,२५० रुपयांचा खर्च त्यांनी हिशेबात दाखवला नव्हता. पेड न्यूजच्या कारणावरून पद गमावणाऱ्या त्या देशातील पहिल्या लोकप्रतिनिधी. रक्कम किरकोळ वाटेल, पण हिशेब खोटा होता.

या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे वृत्तपत्रांच्या बाजूला, काय झाले? प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये सविस्तर अहवाल तयार केला व त्यात प्रकाशनांची नावे घेतली. कौन्सिलने तो पूर्ण अहवाल तेव्हा स्वीकारून प्रसिद्ध केला नाही. २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर तो लोकांसमोर आला. कौन्सिलला ताशेरे ओढण्यापलीकडे शिक्षेचा अधिकार नाही. निवडणूक आयोगाने जिल्हा व राज्य पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या नेमल्या. पेड न्यूज हा निवडणूक गुन्हा ठरवावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०१५ मध्ये आपल्या २५५ व्या अहवालात केली. ती अद्याप कायद्यात उतरलेली नाही.

तिन्ही प्रकरणांतील साम्य

ही प्रकरणे वेगवेगळ्या क्षेत्रांतील असली, तरी त्यांतील काही धागे समान आहेत. पहिला, चूक शोधण्याचे काम प्रथम त्याच बिरादरीकडे होते: लेखापालांकडे लेखापालांची, पोलिसांकडे पोलिसांची, पत्रकार-मालकांच्या संस्थेकडे वृत्तपत्रांची. दुसरा, घर कधी आतून जागे झाले नाही. सत्यममध्ये ज्याने फसवले त्यानेच कबुली दिली, तेलगी तपासावर नजर आली ती न्यायालयात गेलेल्या नागरिकामुळे आणि पेड न्यूजचे प्रकरण धसास लागले ते एका पत्रकाराने जुळवलेल्या कात्रणांमुळे व हरलेल्या उमेदवाराच्या चिकाटीमुळे. तिसरा धागा विलंबाचा. निकाल लागेपर्यंत ज्याचे नुकसान व्हायचे त्याचे होऊन गेलेले असते.

त्यातल्या त्यात समाधान एवढेच, की पहिल्या दोन क्षेत्रांत बाहेरून पाहणारी यंत्रणा निदान कायद्याच्या पुस्तकात तरी आली. वृत्तपत्रसृष्टीत तीही नाही.

नागरिकांनी कोठे जावे?

लेखापालाविरुद्ध : चार्टर्ड अकाउंटंटच्या व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार त्यांच्या संस्थेच्या शिस्तपालन संचालकांकडे विहित नमुन्यात करता येते.

डॉक्टरविरुद्ध : व्यावसायिक गैरवर्तनासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद, तर सेवेतील त्रुटीच्या भरपाईसाठी ग्राहक आयोग. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. ती आधी मागून घ्यावीत.

वकिलाविरुद्ध : महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करावी. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला आहे. राज्य कौन्सिलने वर्षभरात निर्णय न दिल्यास प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जाते.

पोलिसांविरुद्ध : दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी खबर देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे; तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोलिसांच्या गैरवर्तनाबद्दल पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाता येते.

निवडणूक प्रचाराविरुद्ध : प्रचारकाळात संशयास्पद मजकुराची तक्रार जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे कात्रणासह करावी. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो आणि नाममात्र शुल्क भरून कोणालाही तो पाहता येतो. निवडणूक याचिकेसाठी मुदत ४५ दिवसांची आहे.

या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे. तोंडी तक्रारीला किंमत नसते; पावती, पोच, प्रत आणि तारीख यांना असते. २००९ ची वृत्तपत्रे कोणी रद्दीत घातली नाहीत, म्हणूनच तीन दैनिकांतला एकच मजकूर शेजारी शेजारी ठेवता आला.