दुसऱ्या पडद्याची कुळकथा

एका संगणकाला दोन पडदे जोडण्याची सोय अलीकडची वाटते, पण आयबीएमच्या पहिल्याच पीसीत ती होती. ऑगस्ट १९८१मध्ये आलेल्या त्या यंत्रासाठी दोन व्हिडिओ कार्डे मिळत. एमडीए हे एकरंगी कार्ड फक्त अक्षरे दाखवी, ८० रकाने आणि २५ ओळी, पण रेखीव. सीजीए रंग आणि चित्रे दाखवी. त्याची अक्षरे मात्र भरड. दोघांच्या मेमरीचे पत्ते निराळे होते : एमडीएची बी०००० पासून, सीजीएची बी८००० पासून. त्यामुळे दोन्ही कार्डे एकाच पेटीत सुखाने नांदत. १९८३च्या लोटस १-२-३ने याचा छान उपयोग केला. आकड्यांचा तक्ता एका पडद्यावर, त्याचा आलेख दुसऱ्यावर.

मला ही सारी कथा त्या पत्त्यांतच दिसते. पडदे किती लावता येतील, हे कार्डांना काय वाटून घ्यावे लागते यावर ठरत आले आहे.

१९८२चे हर्क्युलिस कार्ड पाहा. वान सुवन्नुकूल यांना आपला प्रबंध थाई लिपीत टंकायचा होता. एमडीएची अक्षरे रॉममध्ये कायमची कोरलेली; वर-खाली चिन्हे लागणाऱ्या लिपीला तिथे थारा नव्हता. काना-मात्रा-वेलांटीत वाढलेल्या मराठी माणसाला ही अडचण वेगळी सांगायला नको. त्यांनी ७२० बाय ३४८ ठिपक्यांचे कार्ड घडवले, प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे उजळता येणारा. पण त्याची ६४ केबी मेमरी पूर्ण वापरली की ती सीजीएच्या पत्त्यावर चढे. शेजारी रंगीत कार्ड असेल, तर हर्क्युलिसला निम्म्या मेमरीत भागवावे लागे.

१९८७मध्ये व्हीजीए आले आणि वाट अरुंद झाली. दोन व्हीजीए कार्डे एकाच पत्त्याला ओ देतात. एकाच क्रमांकाची दोन घरे असली की पोस्टमनने पत्र टाकायचे कुठे? प्रोग्रामर मंडळींनी मग जुने एकरंगी कार्ड जपून ठेवले : प्रोग्राम व्हीजीएवर चाले, डीबगर एकरंगी पडद्यावर. त्याच वर्षी मॅकिंटॉश टूने हा गुंता मुळातूनच सोडवला होता. त्याच्या सहा न्यूबस स्लॉटांपैकी प्रत्येकाला स्वतःचा पत्ता असे, म्हणून खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर सरळ ओढता येई.

पीसीला तिथे पोचायला १९९८ उजाडले. पीसीआय कार्डांना संगणक सुरू होतानाच पत्ते वाटून दिले जात, आणि त्या आधारावर विंडोज ९८ने नऊ पडद्यांपर्यंत सोय दिली. व्हीजीएचा जुना पत्ता मात्र एकाच कार्डाला मिळे. बाकीच्यांना ड्रायव्हरने त्याशिवाय जागे करायचे. त्यामुळे कपाटातले कुठलेही जुने कार्ड दुसरे म्हणून चालतच असे नाही. तोवर ग्राफिक्स कार्डांसाठी एजीपी हा खास स्लॉटही आला होता, पण तो एकच. मग कॅनडातल्या मॅट्रॉक्सने १९९९मध्ये जी४०० या एकाच कार्डावर दोन पडद्यांची तरतूद केली.

पत्त्याचा प्रश्न असा मिटला आणि घड्याळाचा उभा राहिला. डीव्हीआय आणि एचडीएमआयला पडद्याच्या ठिपक्यांच्या वेगाने चालणारे क्लॉक लागते. १९२० बाय १०८० ला सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर १४८.५ मेगाहर्ट्‌झचे. २००९च्या रेडिऑन एचडी ५८७०वर दोन डीव्हीआय, एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट होते, पण अशी क्लॉक दोनच. एकमेकांपासून वेगळ्या मापाचे तीन जुन्या धाटणीचे मॉनिटर लावले की तिसरा काळाच राही. डिस्प्लेपोर्ट ठरावीक वेगाने पाकिटे पाठवतो, म्हणून एका क्लॉकवर अनेक पडदे चालतात.

या ठिकाणी ॲडॉप्टरची निवड खरी कसोटीची होते. स्वस्तातला पॅसिव्ह ॲडॉप्टर केवळ विजेची पातळी बदलतो. डिस्प्लेपोर्टमधून निघतो तो डीव्हीआयचाच संकेत, आणि क्लॉक कार्डालाच द्यावे लागते. ॲक्टिव्ह ॲडॉप्टर डिस्प्लेपोर्टचा संकेत घेऊन नवा संकेत स्वतः तयार करतो. अशा कार्डावर तिसऱ्या मॉनिटरसाठी जादा पैसे याच्यावर खर्चावेत, हे माझे ठाम मत आहे. यूएसबीवरचे डिस्प्लेलिंक ॲडॉप्टर ग्राफिक्स कार्डाच्या या मर्यादेला वळसाच घालतात : चित्र आकसून पाठवण्याचे काम मुख्य प्रोसेसर करतो. तक्ते आणि मजकुरासाठी ते पुरतात. सतत हलणाऱ्या चित्रांमुळे मात्र प्रोसेसरवर भार पडतो.