काळ्या रानानं घडवलेल्या गाड्या

रॅलीची गाडी म्हटलं की लोकांना हिमालय आठवतो, नाहीतर राजस्थानची वाळू. १९८० साली सुरू झालेली हिमालयन रॅली, १९९९ पासूनची रेड द हिमालय, किंवा २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून निघालेली पहिली डाकार. बीदर-कलबुर्गीचं नाव त्यात कुठंच येत नाही. पण त्या गाड्यांवर जी कामं होतात, म्हणजे स्प्रिंगचे पाटे बदलणं, गाडी उंच करणं, पोटाखाली जाड पत्रा मारणं, इंजिन पाण्यात बंद पडू नये अशी तजवीज करणं, ती हुमनाबाद, बसवकल्याण, भालकीच्या गॅरेजांत माझ्या उस्तादाच्याही आधीपासून होत आली आहेत. शर्यतीचं नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असे, बियाणं रानात पोचवायचं असे. माझं सगळं आयुष्य या रस्त्यावर पाना धरून गेलं. या विद्येचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही, म्हणून मीच लिहायला बसलो.

हा रस्ता म्हणजे पुणे-सोलापूर-हैदराबाद. पूर्वी नऊ नंबर म्हणायचे, आता पासष्ट. निजाम स्टेट रेल्वेनं १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन हैदराबाद संस्थानात सरकारी बस सुरू केली, तेव्हापासून या मुलखाला मोटारीची चांगली ओळख आहे. पण बस डांबरी नाहीतर खडीच्या रस्त्यानं जाणार. रानात शिरणारी गाडी आली ती जीप. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून भारतीय फौज निघाली आणि नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद, जहिराबाद अशी याच रस्त्यानं हैदराबादेवर गेली. त्या फौजेत जीपगाड्या होत्या. आमच्याकडच्या जुन्या माणसांनी जीप पहिल्यांदा पाहिली ती तेव्हा, अशी आमच्या घरातली आठवण आहे. त्याच्या आदल्याच वर्षी महिंद्रांनी सुट्या भागांच्या रूपात ७५ विलीस जीप मागवल्या होत्या. पुढं लष्कराच्या लिलावातल्या आणि महिंद्राच्या जीपगाड्या हळूहळू पाटील-देशमुखांच्या वाड्यांपुढं दिसू लागल्या.

आता मातीबद्दल सांगतो, कारण सगळी विद्या तिथून निघाली. बीदर शहराचं पठार जांभ्याचं. तांबडी माती, पाणी झिरपून जातं, दोन दिवसांत वाट कोरडी. पठार उतरून भालकी-औरादकडं वळलं, किंवा खाली आळंद-अफजलपूरच्या अंगाला गेलं, की काळं रान लागतं. उन्हाळ्यात या रानाला अशा भेगा पडतात की हाताचा पंजा आत जावा. पाऊस लागला की तीच माती फुगते. चाक तिच्यात खोल जातं हे तर खरंच, पण घात होतो तो माती टायरला गुंडाळत जाते म्हणून. टायरच्या खाचा बुजतात, मडगार्ड गच्च भरतं, आणि मग कितीही खोल नक्षीचा टायर असो, गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरत राहतो. बैलगाडी त्याच वाटेनं निघून जायची, कारण तिचं चाक उंच आणि वर झाकण नाही. उस्ताद सांगायचे की टायर आणि मडगार्डमध्ये वीतभर मोकळी जागा सोड, बाकीचं मग बघू. आज ज्याला पोरं लिफ्ट म्हणतात त्याचं आमच्याकडचं कारण हे एवढं होतं.

गाडी उंच करण्याचं काम आमच्याकडं दुसऱ्या एका वाटेनंही आलं. जुन्या जीपचं इंजिन पेट्रोलचं. पेट्रोल महागलं तसं सत्तर-ऐंशीच्या दशकांत लोकांनी ती इंजिनं काढून डिझेलची बसवायला सुरुवात केली. कुणी मॅटाडोर गाडीचं बसवलं, कुणी मिळेल ते. महिंद्रांनीही १९७९ साली फ्रान्सच्या पेजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. डिझेल इंजिन वजनाला भारी. ते बसवलं की चार-सहा महिन्यांत गाडी पुढून खाली यायची. औरादचा शेतकरी दारात उभा राहून म्हणायचा, "उस्ताद, गाडी पुढून लई बसायली बगा." मग पुढच्या पाट्यांत एक जादा पाटा पडायचा. पाटा घातला की गाडी उचलली जायची, गाडी उचलली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलायचा, कोन बदलला की शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस खाल्ला जायचा. क्रॉस वाचवायला पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून पिनियनचं तोंड फिरवावं लागे. त्यातच जुन्या विलीसच्या क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८. कमी फेऱ्यांच्या डिझेल इंजिनाला हा हिशोब जुळत नाही, गाडी ओढते जोरात पण पळत नाही. ज्याला रानात ओढायची होती तो तसाच ठेवायचा. ज्याला सोलापूर गाठायचं होतं तो क्राऊन-पिनियनचा जोड बदलून घ्यायचा. एका कामातून दुसरं निघत गेलं, आणि असं करत करत आमच्या मिस्त्र्यांना पूर्ण गाडी हातानं कळली.

पाट्याचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. आधी यू-बोल्ट सोडायचे, मग शिकंज्यात धरून सेंटर बोल्ट काढायचा, नाहीतर पाटे उसळून तोंडावर येतात. एकेक पाटा घासून स्वच्छ करायचा, दोरीला टांगायचा आणि हातोडीनं हलका ठोका द्यायचा. चांगला पाटा घंटेसारखा वाजतो. चीर गेलेला असेल तर आवाज मेलेला येतो, डोळ्याला चीर दिसत नसली तरी. उस्ताद दखनीत म्हणायचे, "पैले कान से देख, बाद में आँख से." उतरलेल्या पाट्याला पुन्हा बाक द्यायचा तर तो थंडच ठोकायचा, ऐरणीवर, इंच-इंच सरकवत. भट्टीत लाल करून वाकवला तर काम लवकर होतं, पण नंतर तेलात विझवून पुन्हा बेतानं तापवलं नाही तर लोखंडाचं पाणी जातं आणि महिन्याभरात पाटा पुन्हा सपाट. ट्रकचे पाटे स्वस्त मिळायचे, पण ते रुंद. जीपचा पाटा पावणेदोन इंचाचा. ट्रकचा पाटा कापून जीपला बसवणारे होते. आमच्या उस्तादांना ते पटत नसे, कारण कापताना कड तापते आणि तिथूनच तो तुटतो.

गाडी ओढ्यातून नेण्याचं काम सोपं. पाण्यात शिरण्याआधी फॅनबेल्ट काढायचा, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवत नाही, आणि सायलेन्सरला वर वळवलेला पाईप. आता यासाठीच्या तयार वस्तू विकत मिळतात.

१ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आम्ही म्हैसूरकडं. कागद बदलले, गिऱ्हाईक तेच राहिलं. आजही माझ्या अंगणात केए ५६, एमएच २५ आणि टीएस १५ अशा तिन्हीकडच्या नंबरांच्या गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असतात. गाणगापूर रोड स्टेशनवरून भाविकांना वीसेक किलोमीटरवरच्या दत्ताकडं नेणाऱ्या जीपगाड्याही कामाला यायच्या. त्यांचे मागचे पाटे माणसांच्या ओझ्यानं उताणे झालेले असत.

जहिराबादचा मात्र आमच्या धंद्यावर मोठा उपकार आहे. हैदराबादच्या ऑल्विन कंपनीनं ऐंशीच्या दशकात तिथं निसानच्या सहकार्यानं हलके ट्रक काढले, १९८९ मध्ये तो कारखाना महिंद्रांकडं गेला. बीदरहून तासाभराच्या आत कारखाना आला, आणि टॉर्कचा पाना म्हणजे काय हे तिथं काम करून परतलेल्या पोरांनी आमच्या गॅरेजांना शिकवलं. तोवर आम्ही नट हाताच्या अंदाजानं आवळत होतो. २००० साली बोलेरो आली, तिच्या पाठोपाठ पिकअप, आणि जीपची जागा पिकअपनं घेतली.

आता हैदराबाद-पुण्याकडची तरुण पोरं पिकअप घेऊन येतात. डाकार पाहिलेली असते. २०१९ ला टोयोटा हायलक्सनं ती जिंकली, आणि २०२५ मध्ये पुण्याचे संजय टकले लँड क्रूझर घेऊन डाकारच्या क्लासिक गटात उतरले, हे त्यांना तोंडपाठ. मी त्यांना दोन गोष्टी सांगतो. जिंकणारी हायलक्स वरून पिकअप दिसते, आत पाईपचा सांगाडा असतो. तिच्याशी तुलना करू नका. दुसरी, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. कंपनीनं ठरवलेली मूळ रचना बदलून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मी चासी कापत नाही, तिच्यावर वेल्डिंग करत नाही, कितीही पैसे दिले तरी.

पोरांना वाटतं रॅलीसाठी पाटे वाढवायचे. उलट आहे. पिकअपचे मागचे पाटे दीड टनाच्या ओझ्यासाठी असतात. हौदा रिकामा असला की ते वाकतच नाहीत, खड्ड्यावर मागची चाकं हवेत जातात आणि हवेतलं चाक ओढणार कशाला? रॅलीच्या पिकअपमधून पाटे कमी करायचे, शॉकॲब्सॉर्बर चांगला घालायचा, टायरची हवा उतरवायची आणि काळ्या रानात नेऊन बघायचं. शेतकऱ्यालाही मी सांगतो की जादा पाटा घातला म्हणून जादा वजन भरू नकोस, ब्रेक जुनेच आहेत. त्याला पाटा हवा असतो तो मोडलेल्याच्या जागी. पोरांच्या गाडीतून काढलेले पाटे मी भंगारात देत नाही. ठोकून, वाजवून ठेवतो, आणि तुरीच्या हंगामात कलबुर्गीच्या बाजाराला जाणाऱ्या कुणाच्या तरी पिकअपला बसवतो.