कासवाचं वजन आणि जॅक्सनचा आलेख

दवाखान्यात आलेल्या पेशंटला आम्ही आधी वजनकाट्यावर उभं करतो आणि ते वजन उंचीशी ताडून पाहतो. या हिशेबाचं मूळ बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केटले यांच्या १८३२ सालच्या मांडणीत आहे. १९७२ मध्ये अन्सेल कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. पाळीव कासवासाठीही असाच एक हिशेब आहे, आणि तो कसा जन्माला आला हे समजून घेण्यासारखं आहे.

इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट हे निसर्ग अभ्यासक पाद्री अठराव्या शतकात आपलं ‘टिमथी’ नावाचं कासव अधूनमधून तोलून वजन टिपून ठेवत. (टिमथी मादी होती, हे मागाहून कळलं!) पण इतकी काळजी घेणारे मालक थोडेच.

विसाव्या शतकात भूमध्य सागराच्या काठची कासवं जहाजांतून लाखोंच्या संख्येनं ब्रिटनमध्ये आली आणि दुकानांत स्वस्तात विकली गेली. प्रवासात त्यांना धड अन्नपाणी मिळत नसे. त्यांना थंडीत काही महिने न खाता झोपून राहण्याची, म्हणजे शीतनिद्रेची सवय असते. मालक शरद ऋतूत त्यांना गवताच्या खोक्यात ठेवून देत. वसंतात खोकं उघडलं की कित्येकदा आत मेलेलं कासव निघे.

असं का व्हायचं? माणूस रोडावला की गालफडं बसतात, बरगड्या दिसतात. कासव रोडावलं तरी कवच तेवढंच राहतं. शरीरात चरबीचा साठा नसलेलं कासवही बाहेरून धडधाकट दिसतं. उपासाचे महिने या साठ्यावरच काढायचे असतात, आणि तो नसेल तर ती झोप शेवटची ठरते.

ऑलिफंट जॅक्सन या ब्रिटिश पशुवैद्यानं यावर साधा उपाय शोधला. त्यांनी निरोगी आणि आजारी कासवांच्या कवचाची लांबी मोजली, वजनं घेतली आणि १९८० मध्ये ती माहिती प्रसिद्ध केली. त्यावरून तयार झालेला आलेख ‘जॅक्सन रेशो’ म्हणून ओळखला जातो. कवचाची लांबी वाकड्या पाठीवरून टेप फिरवून मोजायची नाही, दोन टोकांमधलं सरळ अंतर घ्यायचं. मग त्या लांबीला वजन पुरेसं आहे का, ते आलेखावर पाहायचं. वजन कमी भरलं तर कासवाला झोपवायचं नाही, पशुवैद्याकडे न्यायचं. एक लक्षात घ्या, लांबी दुप्पट झाली की त्याच आकाराच्या कासवाचं वजन दुप्पट नाही, सुमारे आठपट होतं. म्हणून नुसता अंदाज फसतो.

पण आकड्याचीही मर्यादा असते. हा आलेख ग्रीक कासव आणि हरमान कासव या दोन जातींपुरता आहे. चपट्या किंवा जास्त फुगीर पाठीच्या जातींना तो लागू पडत नाही. पोटातली अंडी, मूतखडा किंवा साचलेलं पाणी यांमुळे आजारी कासवाचंही वजन ‘ठीक’ दिसू शकतं. माणसातही पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल, तर स्नायू झडत असताना काटा स्थिर राहतो. म्हणून एकाच वेळच्या वजनापेक्षा त्याच काट्यावरची, वहीत लिहिलेली नियमित नोंद जास्त बोलकी असते. अंगात त्राण आहे का, डोळे खोल गेलेत का, खाणं कसं आहे, हेही पाहावंच लागतं.

युरोपीय समुदायानं १९८४ मध्ये या कासवांची व्यापारी आयात थांबवली. आपल्याकडे दिसणारं स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, ते घरात पाळणं गुन्हा आहे. कोणी ‘लक्ष्मी येते’ म्हणून दिलं तरी घेऊ नका, आणि घरात असेलच तर वन विभागाला कळवा.

जॅक्सन यांच्या त्या आलेखामागे खोक्यात न उठलेली असंख्य कासवं आहेत. वजनाची नोंद ठेवा, असं आम्ही डॉक्टर वारंवार का सांगतो, ते यावरून कळावं. वरून ठणठणीत दिसणाऱ्या शरीराची आतली झीज अनेकदा पहिल्यांदा काट्यावरच दिसते.